हौदातला माणूस

काम: हौद समजावणे. कालावधी: थोडा. आधी काय व्हायला हवं: काही नाही.

सगळे त्याला तारख्या म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बांधकामाच्या कंपनीत इतकी वर्षं काढूनही त्यानं एक वीट रचलेली नव्हती. कोणती वीट कधी रचायची, एवढंच तो सांगायचा. दोन पडदे, डावा हात निखळलेली खुर्ची आणि वेळापत्रकाचं एक सॉफ्टवेअर, हा त्याचा संसार. त्यात तीन फाइली: नदीवरचा पूल, पुलापलीकडचं गोदाम, आणि तेलपाणी, तपासण्या, दुरुस्त्या असलं सटरफटर कोंबलेली 'किरकोळ'. तिन्ही एकमेकींना बांधलेल्या. पुलाचा शेवटचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, बसल्याशिवाय गोदामाच्या छताचं लोखंड पलीकडे जाणार नव्हतं. त्यामुळे पुलाच्या पायात काटा रुतला की लंगडायचं गोदाम.

माणसं आणि यंत्रं मात्र कुठल्याच एका फाइलीची नव्हती. त्यांची चौथी फाइल होती आणि सगळ्या कामांनी तिच्यातूनच माणसं उचलायची. कंपनीत तिला हौद म्हणत. "वेल्डर हवाय? हौदात बघ." "बघितलं. तळ दिसतोय." अशी भाषा.

हौदात एकशे बारा नावं होती. त्यातलं एक तारख्याच्या भावोजींचं. कंपनीकडे मोठी क्रेन एकच, आणि ती चालवायचा परवाना असलेला माणूसही एकच, भावोजी. पुलाला तोच हवा, गोदामालाही तोच. दोघांनी एकाच दिवशी मागितला की पडद्यावर त्याच्या ओळीपुढे एक छोटा लाल माणूस उमटायचा. म्हणजे ह्याला दोन जागी उभा केलाय. मग तारख्या सोमवारी सकाळी 'सपाट' नावाचं बटण दाबायचा. सॉफ्टवेअर कामांची वजनं बघायचं: पूल नऊशे, गोदाम सातशे, ज्याला कोणी काहीच दिलं नाही त्याला आपलं पाचशे. हलकं काम पुढे ढकललं जायचं आणि लाल माणूस नाहीसा व्हायचा. एखाद्या ओळीला हजार दिलं तर मात्र आभाळ कोसळलं तरी ती जागची हलत नाही.

एवढं पुरे.

काम: डोळा.
पुढे ढकललं. कारण: आधी फेब्रुवारी व्हायला हवा.

काम: फेब्रुवारी. कालावधी: एक फोन.

"अरे, ह्यांना काचबिंदू निघालाय," ताई म्हणाली.

तारख्या जेवणाचा डबा उघडत होता. त्यानं झाकण परत लावलं.

"डोळ्यात दाब वाढतो म्हणे. नजर कडेकडेनं जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची. महिन्याभरात ऑपरेशन करा म्हणाले डॉक्टर." ताईनं हे सगळं पाठ केलं होतं. शाळेत असतानाही ती धडा असाच एका दमात म्हणायची, मध्ये कोणी अडवलं की पुन्हा पहिल्यापासून.

"आणि भावोजी काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार! म्हणतात, मला तर सगळं दिसतंय. हूक दिसतो, तुझा राग दिसतो, अजून काय बघायचं राहिलंय? तू एक कर. तुझ्या त्या तक्त्यात दहा दिवस सुट्टी टाक. कागदावर आल्याशिवाय हा माणूस क्रेनवरून उतरायचा नाही."

"टाकतो."

"आत्ता टाक. मी फोन धरते."

तिनं खरंच धरला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

सुट्टी टाकायची खरी जागा म्हणजे हौद. तिथे प्रत्येक माणसाचं स्वतःचं कॅलेंडर असतं. त्यातले दहा दिवस राखाडी करायचे, की त्या दिवसांत तो माणूस सॉफ्टवेअरला दिसतच नाही. ह्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट हीच: सुट्टी हे काम नव्हे, सुट्टी म्हणजे माणूस नसणं. पण हौदात एका वेळी एकालाच लिहिता येतं. गोदामाच्या इंजिनिअरबाई, ज्यांना सगळे गोदामबाई म्हणत, हौद उघडून जेवायला गेल्या होत्या. तारख्यानं उघडला तर पाटी आली: वाचण्यापुरता.

"झालं का रे?"

"एक मिनिट, ताई."

मग त्यानं 'किरकोळ' उघडली आणि एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीत लिहिलं: डोळा. दहा दिवस. माणूस: भावोजी. वजनाचा रकाना रिकामा राहिला. बाई जेवून आल्या की नीट हौदात नेऊ, असं त्याच्या मनात होतं.

"टाकलं."

"वाच."

"डोळा. दहा दिवस. चार मार्चपासून."

"हां," म्हणून तिनं फोन ठेवला.

बाई जेवून आल्या, तेव्हा तारख्या दुसऱ्याच कशात बुडालेला होता. "तुम्ही हौदाला कुलूप लावून गेलात," एवढं तो म्हणाला.

"मग काय करू, किल्ली डब्यात घालून नेऊ?" बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले. विषय हसण्यातच संपला.

काम: डोळा.
पुढे ढकललं. कारण: क्रेन मोकळी नाही.

काम: ओळ १४७ चा प्रवास. कालावधी: साडेचार महिने.

४ मार्च. तुळया उशिरा आल्या आणि नेमक्या त्याच आठवड्यात पुलाला क्रेन लागली. लाल माणूस. सपाट.

१८ मार्च. गोदामाचे खांब. सपाट.

८ एप्रिल. इथे थांबायला हवं.

कारण इथे तो थांबला होता. आठवड्याचा कागद छापण्याआधी तारख्या तिन्ही फाइली वरून खाली बघायचा, कुठे लाल उरलंय का म्हणून. त्या सोमवारी त्याची नजर एकशे सत्तेचाळीसवर अडखळली. डोळा, २९ एप्रिल. मार्चमध्ये होतं ना हे? त्याला सगळं एका क्षणात कळलं. सुट्टी काम म्हणून टाकलीय, वजन पाचशे आहे, म्हणजे ही ओळ सगळ्यांच्या पायाखाली येणार. हौद त्या वेळी मोकळा होता. दहा दिवस राखाडी करायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

पण दहा दिवस राखाडी केले की पुलाच्या तुळया सरकणार, पुलाला बांधलेलं गोदाम सरकणार, आणि साडेदहाच्या बैठकीत पूलवाले, म्हणजे पुलाचे मोठे इंजिनिअर, चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "काय तारख्या, आज कोणाची विकेट?" पडद्यावर मात्र एकही लाल माणूस नव्हता. तीन फाइली, चारशेवर ओळी, आणि सगळं कसं निवांत. असं चित्र महिन्यातून एखाद्या वेळी दिसतं.

तीनच आठवडे तर आहेत, असं म्हणून त्यानं कागद छापला.

तो न्यायला भावोजी स्वतः आले. हातमोजे काखेत, तोंडात बडीशेप. "काय मेहुणे, आमच्या डोळ्याचा मुहूर्त?"

"एकोणतीस एप्रिल."

"बरं झालं. तोवर मधला गाळा बसवून टाकतो." त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. "तुझं यंत्र शहाणं आहे हां. सुई टोचायची घाई त्यालाही नाही."

भावोजींना ऑपरेशनची भीती वाटत होती. साठ मीटर उंचीवरून वीस टन लोखंड कागदासारखं खाली ठेवणारा हा माणूस डोळ्यात सुई जाणार म्हटल्यावर पाय मागे घेत होता. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. आणि ती बघून तारख्यालाही सुटल्यासारखं वाटलं. हे त्याला पुढे फार आठवलं, त्या चुकीपेक्षा जास्त.

२९ एप्रिल. सपाट.

३ जून. ह्याच्या अलीकडे, मे महिन्यात, ताईचा फोन आला होता. "तक्त्यात आहे ना रे? हे म्हणतात, तुझ्या भावाला विचार."

"आहे ना, ताई. दहा दिवस धरलेत."

"तू धरलेस म्हणजे झालं."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. धरलेले होतेच. हातात धरलेले नव्हते, इतकंच.

२४ जून. २२ जुलै.

काम: ११ जुलै. कालावधी: चार सेकंद.

शेवटच्या गाळ्याची तुळई हवेत होती. खालून हातवारे करणारा सिग्नलवाला नेहमी उजवीकडे उभा राहायचा. त्या दिवशी तिथे सळ्यांचा ढीग पडला होता म्हणून तो डावीकडे उभा राहिला. त्यानं मूठ आवळली, म्हणजे थांब. पुन्हा आवळली. मग दोन्ही हात वर करून ओरडला.

भावोजींना तो दिसलाच नाही. कधी डोळ्यांपुढून गेला असंही नाही, त्या बाजूला जगच संपलं होतं आणि संपलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तुळईचं टोक खांबाच्या कडेवर आदळलं. काँक्रीटचा टोपलीभर तुकडा नदीत गेला. माणूस कोणीच गेला नाही, हे त्या दिवसाचं भाग्य. भावोजींनी तुळई सावकाश, नेहमीसारखी, कागद ठेवावा तशी खाली ठेवली. क्रेन बंद केली. शिडीच्या पायऱ्या मोजत उतरले. साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात जाऊन टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, "मला डावीकडचं दिसत नाही. कधीपासून, ते माहीत नाही."

काम: डोळा. झालं.

ऑपरेशन सहा दिवसांत झालं. त्यासाठी कोणाला तक्ता विचारावा लागला नाही. उजवा डोळा बराचसा वाचला. डाव्यात मधोमध जेवढी उरली आहे तेवढीच नजर, पाइपातून बघावं तशी. "फेब्रुवारीत आला असतात तर," एवढंच म्हणून डॉक्टर पुढचा कागद लिहू लागले. परवाना गेला. भावोजींना कोठारात सकाळी अर्धा दिवस मालाची नोंद ठेवायचं काम देऊ, असं कंपनीनं सांगितलं. बावीस वर्षं जो माणूस सगळ्यांकडे वरून बघत होता, तो आता खिळ्यांच्या पेट्या मोजणार होता.

काम: नाव काढणे. कालावधी: पाच मिनिटं. लागला: अर्धा दिवस.

सप्टेंबरात वरून निरोप आला, क्रेनचालकाचं नाव हौदातून काढा, पूल संपवायला आणलेल्या भाड्याच्या माणसाच्या जागी कायमचा नवीन माणूस येतोय. तारख्यानं नाव निवडलं. सॉफ्टवेअरनं विचारलं: हा माणूस अजून एका कामावर नेमलेला आहे, तरी काढायचा?

एका कामावर? कुठल्या?

एकशे सत्तेचाळीस. डोळा. २२ जुलै. शून्य टक्के पूर्ण.

कोणी त्या ओळीला हातच लावला नव्हता. तारख्यानं शंभर टक्के लिहिलं. ओळीपुढे बरोबरची खूण उमटली. सॉफ्टवेअरचं समाधान झालं.

तारख्याचं झालं नाही. त्यानं फेब्रुवारीतल्या फाइलींच्या जुन्या प्रती काढल्या. त्यातला हौद उघडला, लिहिण्यापुरता. भावोजींच्या कॅलेंडरात चार मार्चपासून दहा दिवस राखाडी केले. मग बटण दाबलं, आणि हात मांडीवर ठेवून बघत बसला, एवढ्यानं काय काय कोसळलं असतं ते.

पूल: चार दिवस उशीर.

गोदाम: काही नाही. त्याच्याकडे सहा दिवस सैल पडलेले होते.

त्यानं पुन्हा दाबलं. चारच दिवस. खरा पूल तर तेवीस दिवस उशिरा झाला होता, चुकीच्या मापाचे बोल्ट आले म्हणून. त्या तेवीस दिवसांबद्दल आता कोणी बोलतही नव्हतं. पूलवाल्यांनी हार घालून फोटो काढून घेतले होते.

"जेवायला येताय का?" गोदामबाईंनी विचारलं.

"चार दिवस," तारख्या म्हणाला.

"काय?"

"काही नाही. तुम्ही व्हा पुढे."

त्यानं 'किरकोळ'चा कागद छापला, चौघडी घालून खिशात ठेवला आणि ताईच्या घरी निघाला.

काम: ताई. कालावधी:

तिसरा मजला. दारातच औषधांचा वास. स्वयंपाकघरातल्या टेबलावर थेंबांच्या तीन बाटल्या: पांढऱ्या, निळ्या आणि पिवळ्या झाकणाच्या. ताईनं प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली होती. भावोजी खिडकीशी बसले होते. कोण आलं हे बघायला त्यांनी नुसती मान वळवली नाही, कमरेपासून अख्खे वळले. क्रेन वळते तसे.

"या, तारखा घेऊन आलात का?"

"भावोजी, ताई, मला सांगायचंय," तारख्या म्हणाला. त्यानं कागद टेबलावर उलगडला आणि सगळं सांगितलं. हौदाचं कुलूप, वजनाचा रिकामा रकाना, सपाट. एप्रिलचा तो सोमवारही सांगितला. सरकलेल्या तारखा बोटानं दाखवल्या. बोलता बोलता त्याचा आवाज बैठकीतल्यासारखा झाला, हे त्यालाही कळत होतं.

"म्हणजे यंत्रानं सरकवलं," ताई म्हणाली.

"यंत्रानंच. पण मी वजन दिलं नाही म्हणून. चूक माझी आहे."

"जाऊ दे गं," भावोजी म्हणाले. "मी तरी कुठे भांडलो? तारीख पुढे गेली की मला बरंच वाटायचं. पोरासारखं, शाळा बुडाली की वाटतं तसं."

ताईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिचं बोट कागदावरून खाली चाललं होतं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण किराण्याची यादीसुद्धा ती शेवटपर्यंत वाचते.

"ही एकशे एक्कावन्न कोणाची? सुट्टी, चार दिवस, तेरा मे."

"माझी."

"तुम्ही डोंगरावर गेला होतात, ती?"

"हो."

"सगळ्या ओळींना जुन्या तारखेपुढे नवीन तारीख आहे. हिला नाही. ही नाही सरकली?"

"नाही."

"का?"

खाली कोणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं. ती सुरू होईना.

"तिला हजार दिलं होतं," तारख्या म्हणाला.

कोणी विचारलं नाही, तरी तो पुढे बोलला. आदल्या वर्षी त्याची स्वतःची सुट्टी अशीच सरकली होती. बायकोनं बॅगेत भरलेले कपडे एकेक करून कपाटात परत लावले होते, आणि आठवडाभर ती त्याच्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलली होती. तेव्हापासून तो स्वतःच्या सुट्टीला हजार द्यायचा. न चुकता.

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं," ताई म्हणाली.

तिनं प्रश्न विचारला नव्हता. ती चिडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ती लाटणं घेऊन मागे लागायची आणि मग स्वतःच हसायची. आता तिनं कागदाची पुन्हा चौघडी घातली, होती तशीच, आणि त्याच्या हातात दिली.

"आज दुकान बंद आहे, एरवी माझी तिथली पाळी नऊ ते सहा," ती म्हणाली. "सकाळचे आणि रात्रीचे थेंब मी घालते. दुपारी एकचे निळे ह्यांचे हे घालतात, आणि निम्मे गालावर जातात. ते तू घालायचेस. येऊन."

"येतो."

"तुझी जेवणाची सुट्टी आहे ती. जाईल."

"जाऊ दे."

आणि मग, जिभेला सवयच ती, त्याच्या तोंडून निघून गेलं: "किती दिवस?"

"डॉक्टर म्हणाले, जन्मभर."

काम: थेंब.

एक वाजायला पाच मिनिटं होती. ताई चहा टाकायला उठली. तारख्यानं हात धुतले, निळं झाकण उघडलं. भावोजींनी मान मागे टाकली आणि खालची पापणी स्वतःच्या बोटानं ओढून धरली.

"डावा आधी. त्याला कमी दिसतं, त्याला मान जास्त."

तारख्याचा पहिला थेंब भुवईवर पडला.

"डावीकडे घ्या, डावीकडे," भावोजी सिग्नलवाल्याच्या आवाजात म्हणाले. "थोडं खाली. बास. सोडा."

दुसरा बरोबर पडला. भावोजींनी डोळा मिटला आणि तसेच पडून राहिले.

"थेंबाने गेली ती हौदाने येत नाही म्हणतात," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "आमचं उलटं झालं, मेहुणे. हौदाने गेली, ती आता थेंबाने राखायची."

आत कपांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. ताईनं दोनच कप बाहेर आणले. एक भावोजींपुढे ठेवला, दुसरा स्वतः घेऊन ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तारख्यानं बाटलीचं झाकण घट्ट केलं, ती चिकटपट्टी पुढे येईल अशी ठेवली आणि चपला घातल्या.

"येतो."

"उद्या?" भावोजींनी विचारलं. ते अख्खे वळले होते, तो दारात दिसेपर्यंत.

"उद्या. एकला."

"तक्त्यात टाकू नकोस," ताई म्हणाली.